ऱ्हाइनकाठचे स्ट्रासबर्ग

युरोपला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी पॅरिस, लंडन आणि स्वित्झर्लंड ही नावे आता नेहमीची झाली आहेत. स्ट्रासबर्गचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाइन नदीला खेटून वसलेले हे शहर आल्सास प्रांताचे मुख्य ठिकाण. आपल्याकडे ‘आल्सेशियन’ म्हटले की डोळ्यांपुढे कुत्रा उभा राहतो; पण तो बिचारा मूळचा जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हे नावच नकोसे झाले, तेव्हा त्यांनी त्याला या सीमेवरच्या प्रांताचे नाव चिकटवून दिले. कुत्र्याचेही राष्ट्रीयत्व जिथे बदलते, तिथे माणसांचे काय झाले असेल?

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असतात. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता बडोद्याहून त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवार-रविवारी मोटारीने स्ट्रासबर्ग पाहून यायचे ठरले. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. हिवाळ्यात तिकडे मोटारीला वेगळे टायर चढवावे लागतात. बर्फाळ रस्त्यावर ते नसले तर दंड होतो. सकाळी सातला निघालो तेव्हा मिट्ट काळोख होता. कार्ल्सरूहे मागे टाकून रस्ता दक्षिणेकडे वळला आणि मग कुठे उजाडू लागले. डाव्या हाताला ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांवर बर्फ चकाकत होते, उजवीकडे नदीच्या अंगाला नुसते धुके. मोटारीत बडोद्याचे थेपले आणि थर्मासमधला चहा यांचा समाचार घेणे चालू होते.

नाताळच्या दिवसांत स्ट्रासबर्गच्या जुन्या गावात मोटार नेणे म्हणजे गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर नेण्यासारखे आहे. म्हणून अलीकडच्या काठावरील केल या जर्मन गावी मुक्काम ठरवून मोटार तिथेच ठेवली आणि ट्राम धरली. ही ट्राम २०१७ पासून नदी ओलांडून दोन देशांना जोडते. पुलावर दोन मिनिटेही लागली नाहीत. पासपोर्ट कुणी मागितला नाही; तरी जाणाऱ्यांनी तो जवळ ठेवावा, कारण पोलीस कधीकधी पाहतात.

उतरण्याच्या थांब्याचे नाव ‘लांगश्ट्रोस’. आमची सून चांगले जर्मन जाणते, ती म्हणाली, “आई, हे जर्मन नाही आणि फ्रेंच तर नाहीच.” ती इथली बोली, आल्सासची. जुन्या गावात रस्त्यांच्या पाट्यांवरही फ्रेंच नावाखाली हे दुसरे नाव लिहिलेले असते. पाट्यांवर भाषा उत्तम जिवंत आहे, अशी तेव्हा माझी समजूत झाली.

येथील कॅथीड्रल व्हॉज डोंगरातील गुलाबी दगडाचे आहे. त्याला दोन मनोरे असायला हवेत, पण शिखर एकालाच चढले. ते १४३९ साली पुरे झाले. उंची १४२ मीटर. १६४७ पासून १८७४ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ, ही जगातील सर्वांत उंच इमारत होती. आत एका कोपऱ्यात ज्योतिषी घड्याळ आहे. आजची त्याची यंत्रे श्विल्गे नावाच्या कारागिराने १८३८ ते १८४३ या काळात बसविली. दर पाव तासाला बालक, तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांपैकी एक आकृती मृत्यूच्या पुतळ्यासमोरून सरकते. मध्यान्ही बारा शिष्य ख्रिस्तापुढून जातात, वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. पण हे सारे घडते साडेबारा वाजता! कारण घड्याळ चालते ते स्ट्रासबर्गच्या स्थानिक वेळेप्रमाणे, आणि ती सरकारी वेळेच्या जवळजवळ अर्धा तास मागे आहे. (मुंबईतही एके काळी असाच निराळा ‘बॉम्बे टाइम’ चालत असे, हे जुन्या मंडळींकडून ऐकलेले आठवेल.) राज्ये आली आणि गेली, घड्याळाने आपली वेळ सोडली नाही.

आणि राज्ये किती यावीत! जर्मन बोलणारे हे स्वतंत्र वृत्तीचे नगर चौदाव्या लुईने १६८१ साली घेतले. फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ साली रूजे द लील याने रचले, तेही येथेच. पुढे १८७० च्या युद्धात प्रशियाच्या तोफांनी येथील ग्रंथालय जाळले; शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते एका रात्रीत गेली. १८७१ मध्ये शहर जर्मनीचे झाले, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सचे, १९४० मध्ये हिटलरचे आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सचे. दीर्घायुषी माणसाने आपल्या घराचा उंबरठाही न ओलांडता चार वेळा देश बदलला.

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास अंधार पडला आणि कॅथीड्रलभोवतीचा नाताळचा बाजार उजळला. हा बाजार १५७० पासून भरतो. लाकडी खोपट्यांच्या ओळी, पाइनचा वास, दालचिनी-लवंग घालून ऊन केलेली वाइन, आणि न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा तसाच गरम रस. शाकाहारी मंडळींनी येथील पातळ पोळीसारखा टार्ट घेण्यापूर्वी विचारावे, त्यात बहुधा डुकराचे मांस असते. मात्र ‘ब्रेडेले’ नावाची छोटी बिस्किटे निर्वेध खावीत. डिसेंबर लागला की घरोघर ती भाजतात, डब्यांत भरतात आणि शेजारीपाजारी वाटतात. आपला दिवाळीचा फराळच म्हणाना!

अशाच एका खोपट्यात पिकल्या केसांच्या एक आजीबाई बिस्किटे विकत होत्या, शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा नातू. आजी त्याला आपल्या बोलीत काही सांगत, तो निमूटपणे ते करी आणि उत्तर फ्रेंचमध्ये देई. मी आमच्या नातवाला विचारले, “बाळ, तुला यातलं कुठलं हवं?” त्याने बोट दाखवले आणि आईला जर्मनमध्ये सांगितले. आजीबाईंनी ते पाहिले. सुनेने त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलणे काढले, तेव्हा आपल्या नातवाकडे मान वळवून त्या म्हणाल्या, “त्याला सगळं समजतं, पण बोलत नाही.” सुनेने मराठी करून सांगितले, आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिले. हे वाक्य आमच्या दांडिया बाजारात मी किती आज्यांच्या तोंडून ऐकले आहे!

२०१२ सालच्या पाहणीत आल्सासमध्ये साठीपुढच्या लोकांपैकी शेकडा ७४ जणांना ही बोली येत होती; तीन ते सतरा वर्षांच्या मुलांत शेकडा अवघ्या ३. १९४५ नंतर ही बोली शत्रूच्या भाषेची बहीण ठरली. शाळेत ती बोलू देत नसत, आणि फ्रेंच बोलणेच ऐटीचे, असा प्रचार चालला. तरी केवळ बंदीने भाषा इतकी ओसरत नाही. आईबापांनीच घरात मुलांशी फ्रेंच बोलायला आरंभ केला, त्यात मुलांचे हित आहे अशा प्रामाणिक समजुतीने. त्यांच्या पाठीशी निदान दोन महायुद्धे होती. गायकवाडांच्या काळापासून गुजरातेत नांदणाऱ्या आपल्यावर तर कुणी तोफ रोखली नव्हती.

रविवारी सकाळी ‘पेटिट फ्रान्स’ भाग पाहिला. कालव्यांच्या काठी लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरे. पूर्वी चांभारांची वस्ती होती. ‘छोटा फ्रान्स’ हे गोड नाव देशप्रेमातून आलेले नाही. येथे उपदंशाच्या रोग्यांचे इस्पितळ होते आणि जर्मन लोक त्या व्याधीला फ्रेंचांचा रोग म्हणत. आपल्या ‘भावप्रकाशा’तही तिला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे. रोगाचे बालंट परक्याच्या माथी मारण्याची रीत सर्वत्र सारखीच.

तेथून रिपब्लिक चौकात गेलो. मधोमध १९३६ सालचे युद्धस्मारक आहे. एक आई बसली आहे आणि तिने आपल्या दोन मरणोन्मुख मुलांना धरले आहे. एक फ्रान्ससाठी लढला, एक जर्मनीसाठी. दोघेही उघडे आहेत, कारण अंगावर गणवेश चढवायचा तर कोणत्या सैन्याचा? इतरत्र अशा स्मारकांवर ‘मायभूमीसाठी’ असे शब्द असतात. येथे फक्त ‘आमच्या मृतांस’ एवढेच कोरले आहे. ते उभारल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९४२ पासून, आल्सासच्या सुमारे एक लाख तरुणांना जबरीने जर्मन सैन्यात भरती केले गेले. चौकात फारसे कुणी नव्हते. यजमानांनी कानटोपी काढून हातात धरली; तेवढ्या थंडीतही ते बराच वेळ तसेच उभे होते.

दुपारी ट्रामने नदीपर्यंत येऊन २००४ साली बांधलेल्या पादचारी पुलावरून पायीच पलीकडे निघालो. सायकली, बाबागाड्या, कुत्री फिरवणारी माणसे, सारी एका देशातून दुसऱ्यात जाऊन परतत होती. खाली ऱ्हाइनचे पाणी शिशाच्या रंगाचे. पुलाच्या मध्यावर नातू थांबला आणि सीमेची रेघ शोधू लागला. ती कुठे आखलेलीच नव्हती.

केलहून मोटार काढली तेव्हा बर्फाचा भुरभुराट सुरू झाला होता. कार्ल्सरूहेपर्यंत वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागच्या बाजूला ब्रेडेलेचा डबा उघडला गेला. “आजी, अजून एक दे,” नातू म्हणाला. मी दोन दिली. श्टुटगार्टला पोचायला सात वाजले.