शेजारधर्म

दौंडच्या रेल्वे वसाहतीत, अहोरात्र गाड्यांच्या आवाजात वाढलेली मी लग्नानंतर भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडील एका वस्तीवर नांदावयास आले, तेव्हा घराच्या तिन्ही अंगांस उभा असलेला पुरुषभर उंचीचा ऊस, त्यातील बिबट्याची धास्ती आणि दिवेलागणीनंतरची शांतता यांची मला सवय नव्हती. पहिल्या गर्भारपणी आधार वाटे तो शेजारच्या अक्कांचा. एका सकाळी त्यांनी पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली; आत शिवलिंगीच्या बिया होत्या. “पोरी, आमच्या गाईला खोंड झालाय, तिच्या दुधात गिळ. देव पोरगाच देईल,” असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरविला, त्या हातातील माया खोटी नव्हती. बिया मी घेतल्या नाहीत.

2017 साली, सातव्या महिन्यात, पुण्यास नणंदेकडे असताना विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा भयपट पाहण्याचा योग आला. (गर्भवतीने असले काही पाहण्यास वडीलधाऱ्यांची सक्त हरकत होती.) रोमान पोलान्स्कीचा 1968 सालचा ‘रोजमेरीज बेबी’ मी पूर्वी पाहिला होता, त्यातही शेजारीण आपुलकीने रोज पेयाचा पेला आणते आणि गर्भिणीचे भय पती व वैद्य मनाचे खेळ ठरवितात. परंतु तेथला सैतान मला परका होता. पतीच्या कर्जापायी उसाने वेढलेल्या घरात आलेली पूजा सावंत यांची नेहा, तिला जपणारी उषा नाईक यांची तुळसाबाई आणि त्या जपणुकीच्या मुळाशी दडलेला मुलीच्या जन्माचा द्वेष पाहताना मात्र भुतांपेक्षा त्या मायेचेच भय मला अधिक वाटले.

गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 साली केला. तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 894 च भरल्या. सोनोग्राफी केंद्राचे दप्तर सरकारास तपासता येते. पदराच्या गाठीची तहकीकात कोणी करावी?

मला मुलगी झाली. बारशाला आलेल्या अक्कांना मी त्या बियांविषयी विचारले, तेव्हा पाळण्याची दोरी न सोडता त्या म्हणाल्या, “मलाबी सासूनं दिल्या होत्या. दोन्ही पोरींच्या खेपेला.”

पुढे पलीकडच्या वस्तीवरील सुनेला दिवस गेल्याचे कळताच, अक्का तिकडे जाण्यापूर्वी मी गेले, आणि तिचे नाव सरकारी दवाखान्यात नोंदवूनच घरी परतले.