चढाईचा घ्यावा की कोपऱ्याचा?

आमच्या घरात भांडण व्हायला एरवी पाण्याचा नळ पुरतो. पण 2023 च्या ऑक्टोबरपासून आणखी एक कारण घरात शिरले. ते म्हणजे प्रो कबड्डीचा लिलाव. कोणत्या संघाने कोणावर पैसा लावायला हवा होता, यावरून आमचे मालक आणि माझे दीर यांची जी जुंपली ती आजतागायत मिटलेली नाही. दोघांच्या खिशात मिळून शंभराची नोट निघायची नाही, आणि बोलणे मात्र कोटीचे!

दीर रिक्षा चालवतात. तरुणपणी आमच्या मंडळाचे चढाईचे गडी होते. मालक माथाडी कामगार आहेत आणि त्याच मंडळात ते डाव्या कोपऱ्याला उभे राहायचे. तेव्हा कोण कोणाच्या बाजूने बोलणार, हे वाचकांना सांगायला नकोच.

ज्यांच्या घरी ही स्पर्धा बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. बारा संघ आहेत. 2023 साली प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला 5 कोटी रुपयांची मर्यादा होती. जुन्यातले काही गडी संघ आपल्याकडे ठेवतो, बाकीचे बोलीला सोडतो. मग एकेकाचे नाव पुकारले जाते आणि मालक लोक बोली वाढवत जातात. 2014 साली पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वांत महाग गेला तो राकेश कुमार, पाटण्याच्या संघाकडे, 12 लाख 80 हजारांना. आज तेवढ्या पैशाला चांगला गडी मिळणे मुश्कील. माझ्या सासूबाई पहिल्यांदा हा लिलाव टीव्हीवर बघून म्हणाल्या होत्या, "माणसं काय बाजारात उभी केलीत गं? दात बघत्यात का यांचे?" आम्ही हसलो. पण 'लिलाव' हा शब्द माणसाला लावलेला माझ्याही कानाला बरा वाटत नाही, हे खरे.

आता त्या ऑक्टोबरची गोष्ट. 7 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत कबड्डीचे दोन्ही अंतिम सामने झाले. पुरुषांत भारत आणि इराण. आपला कर्णधार पवन सेहरावत, चढाईपटू. समोर इराणच्या बाजूला मोहम्मदरझा शादलुई, डावा कोपरारक्षक. 28-28 अशी बरोबरी, शेवटचे एखादे मिनिट उरलेले, आणि पवनची चढाई 'करो या मरो'ची. म्हणजे गुण आणला नाही तर तोच बाद. कोणाला हात लागण्याआधीच पवन बाजूच्या पट्टीत गेला, त्याच्यामागे इराणचे गडीही गेले, आणि मग गुण कोणाला आणि किती यावरून असा काही गोंधळ झाला की सामना तासभर बंद पडला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी भारत 33-29 ने जिंकला. आमच्या चाळीत त्या दिवशी कोणाच्या घरी वेळेवर स्वयंपाक झाला असेल असे वाटत नाही.

दोनच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. काल-परवा एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोघे आता एकाच यादीत होते. तेलुगू टायटन्सने पवनवर 2 कोटी 60 लाख 50 हजार लावले. त्याआधी एवढी बोली कोणावरच लागली नव्हती. पुणेरी पलटणने शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतले. परदेशी खेळाडूवर तोपर्यंत एवढा पैसा कोणी टाकला नव्हता, आणि तोही पकडीच्या गड्यावर!

भाऊजींचे म्हणणे सरळ होते. "पुण्यानं पैसा पाण्यात घातला. सामना जिंकायचा तर गुण पाहिजेत, गुण आणतो चढाईवाला. पवन एका चढाईत तिघांना मारून येतो. कोपऱ्यावाला एका वेळी एकालाच धरणार ना? हिशोब करा!"

मालक म्हणाले, "हिशोब तूच कर. पवन बाहेर बसला की टायटन्सचं काय?"

त्यांच्या बोलण्याला आधार होता. आदल्याच वर्षी, 2022 मध्ये, तमिळ थलायवाजने याच पवनला 2 कोटी 26 लाख 50 हजारांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला. आता गंमत बघा. तोच थलायवाजचा संघ पवनशिवाय त्या वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीपर्यंत गेला. नरेंदर नावाच्या नव्या पोराने चढाया केल्या आणि मागे पकडीची फळी मजबूत राहिली. मालक हा दाखला इतक्या वेळा देतात की आमच्या धाकट्या मुलीला तो पाठ आहे.

मी स्वतः कधी कबड्डी खेळले नाही. पण लग्न झाल्यापासून या घरात तिच्याशिवाय दुसरे बोलणे ऐकलेले नाही, आणि तीन वर्षे मुलीबरोबर मैदानावर जाऊन बसते, त्यामुळे डोळ्यांनी जे दिसते ते सांगते. चढाई करणारा एकटा जातो. सगळ्यांची नजर त्याच्यावर. तीस सेकंद तो एकटाच खेळतोय असे वाटते. कोपऱ्याचा गडी मात्र त्या तीस सेकंदांत बहुतेक वेळ काहीच करत नाही. वाकून, हात सोडून उभा असतो. पाय पुढे आला की पट काढायचा, एवढेच त्याचे काम. पण तो एक क्षण आधी झेपावला तर स्वतः बाद होतो, आणि एक क्षण उशीर केला तर चढाईवाला मध्यरेषेवर पोचतो. शिवाय पट एकट्याने धरून भागत नाही. घोटा हातात आला तरी चढाईवाला ओढत ओढत रेषेपर्यंत जातो. शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच वेळी अंगावर यायला हवे, बाकीच्यांनी वाट अडवायला हवी. म्हणून कोपऱ्याच्या गड्याची खरी किंमत त्याच्या शेजारी कोण उभा आहे यावर ठरते. मालकांच्या भाषेत सांगायचे तर गोणीचे एक टोक कोणी कितीही जोरात उचलले तरी दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच.

पुण्याने हेच ओळखले होते, असे माझे मत. 5 कोटींतले जवळजवळ निम्मे एका माणसावर दोन्ही संघांनी घातले. तेवढ्यात दोघेही सारखेच. पण पुण्याने आपली तरणी पोरे आधीच धरून ठेवली होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, गौरव खत्री ही सगळी पोरे एकत्र खेळून मुरलेली होती. त्यातला अस्लम तर आपल्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, आणि तोच कर्णधार. अशा घट्ट विणीत शादलुई आला. टायटन्सकडे पवन आला तेव्हा त्याच्या मागे अशी फळी नव्हती.

हंगाम संपला तेव्हा टायटन्स बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. 22 सामन्यांत 2 विजय. पवनने गुण आणले नाहीत असे नाही, तो आणतच होता. तो आणायचा आणि मागून गळायचे. फुटक्या रांजणात पाणी भरावे तशी गत. आणि पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतले. त्या रात्री मालकांनी भाऊजींच्या दारावर जाऊन जी थाप मारली, त्याने शेजारी जागे झाले.

भाऊजी सहज हार मानणाऱ्यातले नव्हेत. दार उघडून पहिलेच वाक्य काय, तर "अंतिम सामना फिरवला कुणी? पंकज मोहितेनं! एका चढाईत चार गुण. तो काय कोपऱ्याला उभा राहतो?" हे खोटे नव्हते. 28 विरुद्ध 25 च्या सामन्यात चार गुणांची एक चढाई म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पण मला त्यात दुसरेच दिसले. पंकजवर काही कोटींची बोली लागली नव्हती. महाग घेतलेल्या कोपऱ्याने पुढचा संघ दाबून ठेवला, म्हणून स्वस्तातल्या पोराला मोकळीक मिळाली. मी हे बोलले तर दोघे भाऊ एकदम गप्प झाले, आणि मग एकदमच म्हणाले, "तू चहा टाक."

पुढच्या वर्षी पुण्याने शादलुईला सोडले. 2024 च्या लिलावात हरयाणा स्टीलर्सने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतले आणि 29 डिसेंबर 2024 ला पुण्यातच पाटण्याला 32-23 ने हरवून हरयाणाही पहिल्यांदा विजेता झाला. दोन वर्षे, दोन वेगळे संघ, आणि दोन्हीकडे डाव्या कोपऱ्याला हाच माणूस. मालकांनी तर जाहीरच करून टाकले की आता ज्याच्याकडे शादलुई त्याच्याकडे चषक. 2025 च्या लिलावात गुजरात जायंट्सने त्याला 2 कोटी 23 लाखांना उचलले. आणि 31 ऑक्टोबर 2025 चा अंतिम सामना झाला दबंग दिल्ली आणि पुणेरी पलटण यांच्यात. दिल्ली 31-28 ने जिंकली. गुजरातचे नाव त्यात कुठेच नव्हते. आता थाप मारायला भाऊजी आले. ते अर्ध्या रात्री आले नाहीत एवढेच, दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आले.

या सगळ्या वादात आमच्या घरचे एक माणूस तोंड मिटून बसायचे. ती आमची धाकटी मुलगी. वय सोळा. विहारासमोरच्या पटांगणात बापाने तिला उभे राहायला शिकवले, म्हणून तीही डाव्या कोपऱ्याला खेळते. यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले की चढाईला ये, निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांत चढाई भरते, कोपऱ्याचे काम कोणाला दिसत नाही. भाऊजींनी ते उचलून धरले. आणि तेव्हा मला कळले की हे कोटीचे भांडण आमच्याच उंबरठ्यावर येऊन बसले आहे.

कारण मुलींसाठी लिलाव नाही. 2016 साली प्रो कबड्डीच्या जोडीने मुलींच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती, ती पुढे चालू राहिली नाही. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला कबड्डीतून मिळण्यासारखी गोष्ट म्हणजे नोकरी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत. पोलीस आहेत, रेल्वे आहे. म्हणून भाऊजी म्हणतात ते काही पोरीच्या वाईटासाठी म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे, "वहिनी, आधी संघात नाव लागू द्या. मग कुठं का खेळेना."

मालक या वेळी चढ्या आवाजात बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक येतो. गुण कुणी आणले ते लिहीत नाहीत." मला ते पटले. मग मी धाकटीलाच विचारले. तिने काका आणि बाप दोघांचे दाखले बाजूला सारले आणि आपला वेगळाच काढला. म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्ही सगळे पवनची चढाई बघत होता. त्याच दिवशी मुलींचाही सामना झाला होता, तो कुणाच्या लक्षात आहे?"

खरेच होते. 7 ऑक्टोबर 2023 ला त्याच हांगझोऊला भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला 26-25 अशा एका गुणाने हरवून सुवर्णपदक घेतले होते. कर्णधार होती हिमाचलची रितू नेगी. आणि 2025 च्या नोव्हेंबरात ढाक्याला याच चिनी तैपेईला 35-28 ने हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हाही कर्णधार रितूच. "ती चढाई करत नाही," धाकटी म्हणाली. "पकडीची खेळाडू आहे."

भाऊजींनी थोडा वेळ डोके खाजवले. मग म्हणाले, "तिच्या संघात चढाईवाल्या कोण होत्या, ते पण बघ की." त्यावर पुन्हा अर्धा तास गेला. सासूबाईंनी शेवटी सांगितले की पोरीचे पाय, पोरीचा घोटा, तिलाच ठरवू द्या.

दोन गोष्टी मात्र घरात ठरल्या. भाऊजींनी रोज संध्याकाळी रिक्षा लावल्यावर तिच्यावर वीस चढाया करायच्या, पन्नाशीचे झाले असले तरी. आणि तिच्या शेजारी मध्यरक्षक म्हणून जी मुलगी उभी राहते, आमच्या मागच्याच गल्लीतली, तिलाही रोज बोलवायचे. त्या मुलीच्या आईला मी जाऊन भेटले. तिला संध्याकाळी धुण्याभांड्याच्या कामाला मदत लागते, म्हणून मुलगी येत नव्हती. आम्ही दोघींनी कामाची वेळ आपसात बदलून घेतली.

चाचणीच्या फॉर्मवर खेळण्याच्या जागेचा रकाना आहे. धाकटीने त्यात स्वतःच्या अक्षरात 'डावा कोपरा' असे लिहिले. चाचणी येत्या रविवारी आहे. दोघी मुलींना न्यायला भाऊजी सकाळी सहाला रिक्षा दारात उभी करणार आहेत.