हाफ क्लचची सवय

आज गॅरेजमध्ये एका मोटरसायकलचा क्लच उघडलेला पाहिला. प्लेटांवरचं अस्तर झिजून गुळगुळीत झालेलं, मधल्या पोलादी प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. बघून जीव हळहळला. गर्दीत बोटं सतत लिव्हरवर ठेवली, चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलली, की प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. ऑइलमध्ये बुडालेल्या असल्या तरी तापतात. मग रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. म्हणून पहिल्याच गिअरमध्ये निघावं, गाडीने वेग घेतला की लिव्हर पूर्ण सोडावा, चढावर थांबताना मागचा ब्रेक दाबावा, केबलला थोडी ढील ठेवावी. रोज आपल्याला वाहून नेणाऱ्या गाडीची एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.