दगड कुठे कापणार?

आमच्या कोथरूडच्या घरातला ओटा कडप्प्याचा होता. इमारत 1980च्या दशकातली, आणि तेव्हा आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात कडप्पाच बसायचा. कडप्पा हा काळा चुनखडक. त्यावर लिंबू, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं पाणी सांडलं आणि वेळेत पुसलं नाही, की पांढुरका डाग उठतो. आम्लानं दगडाचा वरचा पापुद्राच खाल्लेला असतो, त्यामुळं कितीही घासलं तरी तो जात नाही. या डागांसकट आम्ही खूप वर्षं काढली असती. पण सिंकच्या कडेला तडा गेला, खालच्या कप्प्यात पाणी मुरायला लागलं, आणि ओटा बदलायचं ठरलं.

ओळखीपाळखीतून कळलेल्या ग्रॅनाइटवाल्यांना घर दाखवायला बोलावलं. बोलणं सगळ्यांचं एकाच वळणाचं. दगड चौरस फुटावर, कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, सिंकचं कटिंग वेगळं, मजुरी वेगळी, जुना ओटा फोडून राबीट खाली नेण्याचे पैसे वेगळे. हे सगळं लिहून घेतल्यावर मी प्रत्येकाला विचारत होते, "दगड कुठे कापणार?"

पहिले म्हणाले, "इथंच की काकू. बाल्कनीत कापतो. तुमच्या डोळ्यांसमोर."

ते मला दिलासा देत होते. दुकानात एक स्लॅब पसंत करायची आणि घरी दुसरीच यायची, असे प्रकार होतात, म्हणून गिऱ्हाइकाला दगड समोर कापलेला बरा वाटतो. मी विचारलं, "पाणी लावून?" ते म्हणाले, "पाण्यानं चिखल होतो. सुकंच कापतो. दार लावून घ्या फक्त."

हा प्रश्न माझ्या नोकरीतून आलेला आहे. मी सरकारी इस्पितळात क्ष-किरण तंत्रज्ञ होते. छातीचे एक्स-रे काढण्यातच बहुतेक नोकरी गेली. दगडावर, फौंड्रीतल्या वाळूवर काम केलेली माणसं यायची, पुष्कळशी चाळिशीच्या आतली. फिल्मवर फुप्फुसाच्या वरच्या भागात खसखस विखुरल्यासारखे बारीक ठिपके दिसायचे. अनेकांच्या हातात आधीचे कागद असायचे, क्षयाची औषधं घेतल्याचे. खोकला तोच, वजन उतरणं तेच, त्यामुळं निदान चुकायचं. आणि गुंता असा, की सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे काहींना दोन्ही असायचं. क्षय औषधांनी बरा होतो. सिलिकोसिस होत नाही. सिलिकाची धूळ एकदा फुप्फुसात रुतली की तिच्याभोवती व्रण धरत जातो, आणि काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. मी डॉक्टर नव्हते, पण या माणसांना "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणणारी मी होते, आणि त्यांना तो धरवत नसे.

मागच्या वर्षी वरच्या मजल्यावर काम निघालं, तेव्हा जिन्याच्या चौकात एक मुलगा चार इंची कटरनं फरशी सुकी कापत बसला होता. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. जी धूळ डोळ्यांना दिसते ती जड असते, खाली बसते, नाकात अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती काही मायक्रॉनची, न दिसणारी. ती हवेत बराच वेळ तरंगत राहते आणि रुमालातून सहज आत जाते. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की आपल्या घरचं काम निघेल तेव्हा ते असं होणार नाही.

दगड निवडतानाही तोच विचार पुढे आला. कात्रज-कोंढवा रस्त्यावर मार्बल-ग्रॅनाइटची दुकानं ओळीनं आहेत. सुनेला पांढरा क्वार्ट्झ आवडला होता, आणि दिसतो तो देखणाच. पण हा खाणीतून थेट आलेला दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट दाबून ती स्लॅब कारखान्यात तयार करतात. त्यात स्फटिकरूप सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ती यापेक्षा पुष्कळ कमी. क्वार्ट्झ कापणाऱ्या कामगारांमध्ये तरुण वयात आणि झपाट्यानं वाढणारा सिलिकोसिस इस्रायल, स्पेन, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया इथल्या डॉक्टरांनी नोंदवला. ऑस्ट्रेलियानं तर 1 जुलै 2024 पासून अशा स्लॅब बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदीच आणली. माझा भाचा मेलबर्नला असतो, त्यानं हे फोनवर सांगितलं होतं. मी सुनेला एवढंच म्हटलं, की एका देशाला पूर्ण बंदी घालावीशी वाटली, तर आपण जरा थांबून बघू. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग काळाच घेऊ आई. पण कपाटाखाली लाइट भरपूर लावायचे." ते मला पटलं आणि आवडलंही.

काळा म्हणजे ब्लॅक गॅलेक्सी घेतला. तो आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीच्या खाणींतून येतो. दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, कारण बाजारात कठीण आणि चकाकणारा बहुतेक प्रत्येक दगड ग्रॅनाइटच असतो. भूशास्त्राच्या हिशेबात तो गॅब्रो आहे. त्यातले सोनेरी ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे, आणि क्वार्ट्झ त्यात अगदी थोडं. लिंबाचं भय नाही आणि कापणाऱ्याच्या वाट्याला सिलिकाही कमी, असा दुहेरी हिशोब मी केला. अर्थात सिलिका कमी म्हणजे धूळ निरुपद्रवी असं नाही, त्यामुळं माझी अट तशीच राहिली.

दुकानात दोन गोष्टी कराव्यात. साधा काळा दगड कधीकधी रंग चढवून जास्त काळा केलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन घेऊन दगडाच्या कडेला घासायचं. फडकं काळं झालं तर ती स्लॅब घ्यायची नाही. आणि पसंत केलेल्या स्लॅबच्या मागच्या बाजूला पक्क्या मार्करनं सही करायची. मग दगड कुठंही कापला गेला तरी बदलल्याची शंका उरत नाही, आणि "तुमच्या डोळ्यांसमोर" कापायचं कारणही संपतं.

ज्यांना शेवटी काम दिलं ते माझ्या प्रश्नावर लगेच हो म्हणाले नाहीत, आणि त्यामुळंच मला ते भरवशाचे वाटले. म्हणाले, "काकू, वर्कशॉपमध्ये आमचं मशीन पाण्यावरच चालतं. पण तुमच्या भिंती गुण्यात नाहीत. तिथं सरळ कापून आणला आणि इथं फट राहिली, तर तुम्ही मलाच बोलणार. आणि घरात पाणी लावून ग्राइंडर चालवायचा तर माझ्या पोराला शॉक बसायची भीती."

दोन्ही अडचणी खऱ्या होत्या. दोन्हींवर बसून बोललो. भिंतींसाठी फरमा करायचा ठरला: पातळ प्लायचा साचा जागेवर ठेवून, कोपऱ्याकोपऱ्याला मिळवून घ्यायचा आणि त्यावरून वर्कशॉपमध्ये दगड कापायचा. करंटसाठी मी आमच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. तो जुन्या घरात नव्हताच, आणि ओटा नसता बदलला तरी बसवायला हवा होता. फरम्याचे आणि वर्कशॉप-कटिंगचे पैसे त्यांनी जास्त लावले. मी घासाघीस केली नाही. कोटेशनमध्ये वेगळी ओळ मात्र घालून घेतली: सर्व कटिंग व मोल्डिंग पाण्यावर, घरात सुकं कटिंग नाही. ते म्हणाले, असं कुणी लिहून मागितलेलं नाही. पण सही केली.

उंचीचं झटपट उरकलं. जुना ओटा तीस इंचांचा होता, त्यांचं नेहमीचं माप बत्तीस. उभं राहून कोपर वाकवलं की त्याच्या चार-पाच इंच खाली ओटा आला तर पाठ वाकत नाही. सुनेच्या मापानं चौतीस निघाला, मला तेहेतीसही चालला असता, पण पुढची वर्षं स्वयंपाक तिला करायचा आहे.

काम सुरू झालं ते फोडण्यापासून. धुळीचा सगळ्यात मोठा लोट इथं उठतो. टाइल्स आणि सिमेंट-वाळू, सिलिका दोन्हींत असते. दगडाचं बोलताना फोडण्याचं बोलणं सहसा राहून जातं, म्हणून तेही आधी ठरवलं होतं. डॅडोच्या टाइल्सवर आदल्या रात्री आणि सकाळी पाणी मारून ठेवलं, कटर न लावता छिन्नी-हातोड्यानं काढल्या, आणि राबीट ओलं असतानाच पोत्यांत भरलं. झाडू मारू दिला नाही, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. वेळ जास्त लागला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी, काम चालू आहे हे आवाजावरूनच कळलं, असं सांगितलं.

कारागीर राजस्थानातल्या करौलीकडचा होता, पंचविशीचा असेल. मी दिलेला एन-95 मास्क त्यानं लावला, उकाड्यानं काढला, परत लावला. चहाच्या वेळी हिंदीत बोलणं निघालं. त्याच्या भागात वालुकाश्माच्या खाणी. चुलता खाणीत होता, आता घरीच असतो, अंगणातून ओसरीपर्यंत आला की दम लागतो. त्याला सरकारची पेन्शन मिळते. राजस्थाननं 2019 साली सिलिकोसिसचं स्वतंत्र धोरण आणलं, त्यात प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला मदत आणि पेन्शन आहे. मी त्याला विचारलं, मग तू सुका दगड का कापतोस? तो म्हणाला, मालक सांगतील तसं. मालक म्हणजे त्याचे कंत्राटदार, आणि त्यांचे मालक म्हणजे आम्ही घरवाले, ज्यांना चिखल नको असतो.

कायदा इथवर पोचलेला नाही. सिलिकोसिस हा 1948च्या कारखाने अधिनियमात नोंद करणं बंधनकारक असलेला आजार होता, पण माझं स्वयंपाकघर कारखाना नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यानंही स्वतःच्या राहत्या घरासाठी दहा लाखांपर्यंतचं काम काढणाऱ्या घरमालकाला बाहेर ठेवलं होतं. शहरातले बहुतेक ओटे त्या रकमेच्या खूप खाली बसतात. कोटेशनमधल्या त्या एका ओळीला म्हणूनच मी एवढं धरून होते.

दगड आला. आठ फूट बाय दोन फुटांचा, अठरा मिलिमीटर जाडीचा तुकडा 80 किलोच्या आसपास भरतो, आणि आमच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही. चौघांनी जिन्यानं उभा धरून आणला. आडवा धरला तर स्वतःच्या वजनानं मोडतो. वर्कशॉपमध्ये कापून आणण्यात खरा धोका सिंकच्या भोकाचा असतो, कारण भोकापुढे जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते. तिला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावून क्लँप आवळले होते. भोकाचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल घेतले होते, कारण तडा टोकदार कोपऱ्यातून सुटतो. आमच्या जुन्या कडप्प्याला तिथंच गेला होता.

खाली कडप्प्याचा थर, त्यावर माल, त्यावर ग्रॅनाइट. पाणसळ लावून लेव्हल घेतली आणि सिंककडे किंचित ढाळ दिला. पुढच्या कडेला खालून एक खाच मारून आणली होती, तिला ते पाणपट्टी म्हणतात. सांडलेलं पाणी तिथं तुटून खाली पडतं, कपाटाच्या दारावर ओघळत नाही. एका खांबाजवळ फरमा असूनही दगड अडला. कारागिरानं सवयीनं कटरकडे हात नेला. कंत्राटदारच म्हणाले, "दगड नाही, प्लास्टर तास." पाणी मारून प्लास्टर तासलं आणि दगड बसला. घरात यंत्र लागलं ते फक्त नळाच्या भोकासाठी, तेही भोकाभोवती मातीची पाळ करून, आत पाणी ओतून. राखाडी गाळ निघाला, तो डब्यात भरून नेला. जोड अराल्डाइटमध्ये काळी पूड कालवून भरला, आणि मी अंगठा फिरवला तेव्हा तो हाताला लागला नाही. बिलातली थोडी रक्कम मी पंधरवडाभर मागे ठेवली होती, सिंकखाली ओल येत नाही हे बघून ती चुकती केली.

दुसऱ्या मजल्यावरचे आता त्यांचं स्वयंपाकघर काढणार आहेत. त्यांना मी कंत्राटदारांचा नंबर आणि कोटेशनची प्रत दिली. पैसे जास्त पडतात, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून प्रत्येक घरानं आपापलं ठरवण्यापेक्षा सोसायटीनंच ठरवावं, असं मला वाटतं. दुरुस्तीच्या परवानगीचा जो अर्ज आपण भरून घेतो, त्यात कामाच्या वेळा आहेत, लिफ्टची अनामत आहे, राबीट कुठं टाकायचं ते आहे. त्यात आणखी एक कलम घालावं, असा ठराव मी वार्षिक सभेसाठी सचिवांकडे लिहून दिला आहे: इमारतीत दगड, फरशी, टाइल किंवा भिंत कापताना पाणी किंवा धूळ ओढणारं यंत्र लावलंच पाहिजे, कामगारांना एन-95 मास्क घरमालकानं द्यायचे, आणि जोडणीला ईएलसीबी असल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही.