आवंढा
चिकूच्या बीला एका टोकाशी बारीक आकडा असतो. जन्मभर चिकू खाल्ले, पण तो आकडा मी नीट पाहिला तो लेकीच्या घशातून बी निघाल्यावर. खोकलाही फुटेना, आवाज बंद झालेला. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा मारल्या, पाचव्या थापेला बी फरशीवर पडली. शेजारच्या काकू ‘तोंडात बोट घाल’ म्हणत होत्या. मी घातलं नाही. न दिसणारी वस्तू बोटानं आणखी आत जाते.

त्या रात्री तिनं वरणभाताचा पहिला घास घेतला आणि गालात धरून बसली. अर्ध्या तासानं बेसिनपाशी जाऊन थुंकून आली. पाच वर्षांची पोर. दूध, ताक, पेज एवढंच पोटात जाऊ लागलं. डॉक्टरांनी तपासलं, घसा मोकळा होता. ‘पण तिला तो मिटल्यासारखा वाटतोय, तेही खोटं नाही,’ त्या म्हणाल्या. भीतीनं तोंडाला कोरड पडते, घसा आवळतो, मग घास खरोखरच जड जातो. जबरदस्ती करू नका, वजन उतरलं किंवा पाणीही जाईना तर लगेच या, असं बजावून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

जबरदस्ती करायची नाही, हे आईला सांगणं सोपं आहे. आपल्या घरांत ‘जेव’ हा मायेचा शब्द आणि ‘गिळ’ हा रागाचा. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून तो गेलाच. ‘गिळ ना गं एकदाचं!’

तिचे डोळे भरले. ओठ घट्ट मिटले आणि तिनं आवंढा गिळला. घास तसाच गालात.

मी तिथून उठले. गिळता तिला येत होतं. माझं बोलणं गिळता येत होतं.

गिळण्यातलं आपल्या हातात फार थोडं असतं. जिभेनं घास मागे सारायचा, एवढंच. पुढे क्षणभर श्वास थांबतो, श्वासनलिकेवर झाकण येतं आणि अन्ननलिका घास लाटेसारखा खाली ढकलत नेते. माणूस आडवा असला तरी नेते. हे काम शरीर हुकुमावरून करत नाही. आणि आम्ही तर चार माणसं ताटाभोवती बसून तिच्या गळ्याकडे टक लावून पाहत होतो.

सासूबाईंनी आधी आम्हाला उठवलं. मेथीची जुडी घेऊन त्या तिच्याशेजारी निवडायला बसल्या, समोर गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. कुणी काही म्हणायचं नाही. बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं, ‘आजी, तुझ्या घशात अडकत नाही?’

‘हात लावून बघ की.’

तिनं आजीच्या सुरकुतलेल्या गळ्यावर तळवा ठेवला. आजीनं भाताचा घास गिळला. गळ्यातली गाठ वर उचलली गेली आणि खाली आली. ‘हललं!’ पुन्हा एकदा. मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाण्याचा घोट. मग नखाएवढा भात. त्या दिवशी असे सहा घास गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून मोजले.

पुढचं सरळ झालं नाही. दुधात कुस्करलेली पोळी गेली, भाकरीला ती रडली, एका ठसक्यानं आम्ही परत पेजेवर आलो. सात आठवडे लागले. मधल्या काळात शाळेतल्या बाईंना सांगून ‘डबा संपव’ बंद करवलं. घरातले नियमही बदलले. धाकटा तीन वर्षांचा, त्याला आता अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मिळत नाहीत, द्राक्षं उभी चिरून मिळतात. हे आधीच करायला हवं होतं. तुमच्या घरी लहान मूल असेल तर आजच करा.

काल तिनं आपणहून चिकू मागितला. मी चिरला, बिया काढल्या. तिनं प्रत्येक फोड बोटांनी चाचपली, एक हात गळ्यावर ठेवला आणि दोन फोडी खाल्ल्या. ओट्यावर बिया होत्या तीन. तिनं त्या मोजून घेतल्या होत्या.