आजीचं दार

२ ऑक्टोबर २०२० ला महिंद्राची नवी थार आली आणि मी टोटल फिदा! पुढे काकांच्या मित्राची थार आमच्या मलकापूरच्या दारात उभी राहिली, तेव्हा आजीने एकच विचारलं, “आगं, मागं बसायला दार कुठाय?” पुढची सीट पाडून आत शिरायचं, हे ऐकून ती सरळ घरात गेली. जन्मभर पाटणच्या वडापमध्ये कोंबून बसलेली बाई. तिला जीपचं काय कौतुक!

मग १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली. तीही नाशिकचीच. खाली शिडीसारखी दणकट चेसिस कायम. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० वरून २,८५० मिलिमीटर! ऑफरोडवाले मित्र चुकचुकले. लांब गाडीचं पोट चढाच्या टोकावर घासतं म्हणे. मुद्दा बरोबर आहे. पण त्या वाढीव ४० सेंटीमीटरमध्येच आजीचं दार बसलं ना!

काकांनी रॉक्स घेतली. गुडघे गेल्यापासून आजी मोरणा खोऱ्यातल्या माहेरी गेली नव्हती. शेवटचा चढ कच्चा, एसटी खालीच थांबते. गेल्या दिवाळीत ती थेट भावाच्या अंगणात उतरली. उतरली म्हणजे, गाडी उंच, म्हणून घरून नेलेला पूजेचा चौरंग पायाखाली ठेवावा लागला. त्यावरून आई अजून रागावलेली आहे.