आमची गच्चीवरील बाग

घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, असें आपण वारंवार ऐकतों. परंतु ज्या कुटुंबास आपलें घर मोडून दुसरीकडे उभारावें लागतें, त्यासच या वाक्याचा खरा अर्थ कळतो. आमच्या कुटुंबावर तसा प्रसंग आला. नवी मुंबईच्या विमानतळासाठीं पनवेल तालुक्यांतील जीं दहा गांवें हलविण्यांत आलीं, त्यांपैकीं एक आमचें. सन २०१८ मध्यें आम्हीं तें सोडलें व करंजाडे येथें राहावयास आलों.

नवें घर पक्कें व हवेशीर होतें. आम्हां तिघां भावंडांस तें पहिल्याच दिवशीं आवडलें. आजीला मात्र तें घर वाटेना. जुन्या घरामागें तिची परसबाग होती. तेथें अळू होता, केळी होत्या, शेवगा होता आणि वालपापडीचा मोठा मांडव होता. त्या जागेवर आतां विमानतळाचा भराव पडला होता. आजी दिवसभर खिडकीशीं बसे. विचारल्यावांचून बोलत नसे, आणि विचारलें तरी एका शब्दांत उत्तर देई. सामान बांधतांना तिनें एक पत्र्याचा डबा मात्र कोणाच्या हातीं दिला नव्हता. त्यांत राख होती व राखेंत वालपापडीचें बी होतें. तें तिच्या सासूपासून चालत आलेलें होतें.

पुढल्या वर्षीं वैशाखांत बाबांनीं रंगाचे जुने पिंप आणले, त्यांच्या तळाशीं भोंकें पाडलीं आणि माती व शेणखत मिसळून ते गच्चीवर मांडले. मृगाचा पहिला पाऊस पडतांच आजी आपण होऊन जिना चढून वर आली. तिनें डबा उघडला व एकेक बी बोटाच्या एका पेराइतकें खोल पेरलें. आठवड्याच्या आंत अंकुर वर आले. त्या दिवशीं आजी जेवतांना आमच्याशीं पुष्कळ वेळ बोलली. आई हळूच बाबांकडे पाहून हंसली, तें आम्हांस अजून आठवतें.

तेव्हांपासून आमच्या घरांत ऋतु पंचांगाइतकेच गच्चीवरूनहि कळूं लागले. आषाढांत पश्चिमेचा वारा मांडवाच्या काठ्या हलवी व बाबा भिजत भिजत त्या पुन्हां बांधीत. श्रावणांत भेंडी व काकडी निघे. भाद्रपदांत गौरीसाठीं तेरड्याचीं फुलें विकत आणावीं लागत नसत. एरव्हीं चौघें चार दिशांना असणारें कुटुंब संध्याकाळीं गच्चीवर एकत्र येऊं लागलें.

वालपापडीचा वेल मात्र पावसाळाभर नुसता वाढे. फूल म्हणून दिसत नसे. हा वेल वांझ आहे, असें आम्ही म्हणूं लागलों. आजी म्हणाली, “पोरांनो, दिवस आखडूं द्या, मग बघा.” आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनींहि तेंच निराळ्या शब्दांत सांगितलें. वालाच्या कित्येक जुन्या जाती दिवस लहान व रात्र मोठी होऊं लागल्यावांचून फुलत नाहींत. झालेंहि तसेंच. कार्तिकांत वेल जांभळ्या फुलांनीं भरला व हिंवाळ्यांत शेंगा लोंबूं लागल्या. मडक्याला आंतून भांबुर्ड्याचा पाला लावून, त्यांत शेंगा, मीठ व ओंवा घालून आम्हीं पोपटी लावली. पाण्याचा थेंबहि न घालतां नुसत्या जाळावर त्या शेंगा शिजल्या. उन्हाळ्यांत पाण्याची ओढ पडे, तेव्हां तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी आम्ही बादलींत सांठवून झाडांना घालीत असूं आणि आईच्या जुन्या लुगड्याची सावली करीत असूं.

आतां आमच्या अपराधाची गोष्ट सांगितली पाहिजे. आजीचा एक नियम होता. पहिल्या बहरांतील उत्तम शेंगा खावयाच्या नाहींत. त्यांना तांबडा दोरा बांधावयाचा व वेलावरच वाळूं द्यावयाच्या. सन २०२४ च्या हिंवाळ्यांत एके रविवारीं घरीं पाहुणे आले. आईनें आम्हांस शेंगा आणावयास पाठविलें. खेळाच्या घाईंत आम्हीं टोपली भरली. त्यांत दोरा बांधलेल्या शेंगाहि गेल्या. मागाहून आलेल्या शेंगा तेवढ्या टपोऱ्या नव्हत्या, आणि त्या बियांपूर्वींच किडल्या. जुनें बी असेल म्हणून डबा उघडला, तों त्यालाहि भुंगा लागलेला. पावसाळ्यांत राख बदलण्याचें काम आमचें होतें आणि तें आम्ही विसरलों होतों.

आजी रागावली नाहीं. तिनें पोखरलेलें बी तळहातावर घेऊन पाहिलें व डब्याचें झांकण लावलें. ती पुन्हां खिडकीशीं बसूं लागली. रागावली असती तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटे. त्या डब्यांत आमच्या गांवाचें जें कांहीं उरलें होतें, तें आम्हींच घालविलें होतें.

सन २०२५ च्या जूनमध्यें आजीची जुनी शेजारीण भेटीस आली. गांव उठल्यावर ती वहाळच्या बाजूस राहावयास गेली होती. आमची हकीकत ऐकून ती हंसली व पुढल्या खेपेस पदराच्या गांठींत मूठभर बी घेऊन आली. गांव सोडतांना आजीनें चार शेजारणींना मूठमूठ बी वाटलें होतें, त्यांतलेंच तें! आजी म्हणाली, “डब्यांतलें गेलें, वाटलेलें राहिलें.”

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणें या गांवच्या राहीबाई पोपेरे यांची माहिती आम्हीं त्यानंतर मिळवून वाचली. शाळेंत न गेलेल्या या बाईंनीं वालाचे व इतर पिकांचे कित्येक गांवठी वाण जपले, ते शेतकऱ्यांना दिले, आणि त्यासाठीं त्यांस सन २०२० चा पद्मश्री हा बहुमान मिळाला. बी जपावें कसें, तर पेरून व वाटून, हें आमच्या आजीस कोणी न शिकवितां ठाऊक होतें.

त्या वर्षीं ८ आक्टोबर रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबरला तेथून प्रवाशांचीं विमानें सुटूं लागलीं. तेव्हां आमचा मांडव शेंगांनीं भरलेला होता. तांबडे दोरे या खेपेस आम्हीं बांधले. बी वाळल्यावर आम्हीं त्याचे तीन वांटे केले. एक राखेंत ठेवला, एक पेरण्यासाठीं काढला आणि तिसरा शेजाऱ्यांना दिला. राख बदलण्याचा दिवस आतां भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिलेला असतो.

बालमित्रांनो, तुमच्या घरीं अंगण नसेल. परंतु एका डब्यापुरती माती कोणासहि मिळते. त्यांत कांहींतरी लावा, घरांतील वडील माणसांस तें कसें वाढवावें हें विचारा, आणि बी धरलें कीं त्यांतलें मूठभर दुसऱ्यास द्या.